भाऊबंदकीचे उपकार

'अमुक घराण्याचा इतिहास' या नावाची जी पुस्तके मराठीत वर्षानुवर्षे निघत आली आहेत, त्यांची पहिली दहा पाने न वाचता सांगता येतात. मुखपृष्ठावर सूर्य किंवा तलवार. आत 'मूळपुरुष' या मथळ्याखाली राजस्थानातला नाहीतर माळव्यातला एखादा किल्ला. त्या किल्ल्यावर सुलतानाची स्वारी. धुरातून आणि जोहारातून निसटलेले दोन भाऊ. त्यांचे नर्मदा ओलांडून दक्षिणेत येणे. आणि पान उलटताच एकदम सतराव्या शतकातला पाटील, ज्याच्या नावाचे वतनपत्र खरोखरच कोठल्यातरी दप्तरात आहे. मधली तीनशे-चारशे वर्षे हे लोक कोठे राहिले, कोणाची चाकरी करीत होते, कोणाच्या मुली करीत होते, याविषयी ग्रंथकर्ता बोलत नाही. त्याला घाई असते. मूळपुरुष सापडला की प्रकाशन समारंभाची तारीख ठरवायला तो मोकळा.

या पुस्तकांची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केली आहे. माझी तक्रार निराळी आहे. या हजार वर्षांच्या धुक्यासाठी आपण दोनशे-तीनशे वर्षांचे अस्सल कागद अडगळीत टाकतो, आणि ते कागद ज्या कारणामुळे विश्वासार्ह ठरतात त्या कारणाची आपल्याला लाज वाटते. ते कारण म्हणजे भाऊबंदकी.

आधी आडनावांविषयी, कारण सगळा घोळ तेथून सुरू होतो. पुण्याहून नगरकडे निघाले (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, तरी रस्त्याला लोक नगर रस्ताच म्हणतात) की भीमेकाठचे कोरेगाव, मग सणसवाडी, मग शिक्रापूर अशी गावे लागतात. सणस हे आडनाव आहे. नावाची घडण पाहता ही सणसांची वाडी. जवळच तळेगाव ढमढेरे आहे, पिंपळे जगताप आहे. येथे घराण्याने गावाला नाव दिले. याच्या उलट होळकर: नीरेकाठच्या होळ गावाने त्यांना नाव दिले. फलटणचे निंबाळकर निंबळकावरून. म्हणजे गाव आणि घराणे यांच्यात नावांची देवघेव दोन्ही बाजूंनी चालत होती, आणि तिच्यात गूढ असे काही नाही. पाटील, देशमुख, चिटणीस, पोतनीस ही हुद्द्यांची नावे. वाघ, कोल्हे, लांडगे ही प्राण्यांची. नाव कळेनासे झाले की मग कथा जन्मतात. बडोद्याच्या गायकवाडांविषयी, कवाड उघडून गाईला आसरा दिला म्हणून 'गाय-कवाड', अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण ती आडनावाचे मूळ सांगत नाही. आडनाव आधी होते आणि त्याची फोड करून गोष्ट मागाहून बसवली, एवढेच ती सांगते.

कोरेगावच्या जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची, नावे पुष्कळ आहेत. आजच्या अर्थाने ज्याला आडनाव म्हणावे असे त्यांत काही नाही. पलटणीच्या पटावर माणूस ओळखण्यासाठी तेवढे नाव पुरत होते. आडनाव प्रत्येकाला चिकटले ते पुढे, शाळेचा पट, कोर्टाचा दावा आणि सरकारी नोंदवही यांच्या काळात. तेव्हा आडनावाची कुदळ घेऊन अकराव्या शतकापर्यंत खणत जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आडनाव, कुळी, देवक आणि वंश या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकाच आडनावाची कुटुंबे मराठ्यांत, धनगरांत, माळ्यांत, महारांत आढळतात. शहाण्णव कुळींच्या याद्या तर इतक्या आहेत आणि त्यांत इतका फरक आहे, की त्यांतली कोणती खरी हे ठरवायला आणखी एक यादीच करावी लागेल.

याच रस्त्याने पुढे गेले की शिरूर ओलांडल्यावर पारनेर तालुक्यातले सुपे लागते. धार आणि देवास या दोन्ही संस्थानांच्या पवारांचा कागदोपत्री इतिहास तेथे सुरू होतो. शिवकाळातला साबूसिंग पवार, त्याचा मुलगा कृष्णाजी, कृष्णाजीची मुले बुवाजी, रायाजी आणि केरोजी; बुवाजीची मुले काळोजी आणि संभाजी. काळोजीच्या तुकोजी आणि जिवाजी या मुलांपासून देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पाती झाल्या. संभाजीची मुले उदाजी, आनंदराव आणि जगदेव यांच्यातल्या आनंदरावाकडून धारची गादी चालली. शिरूर तालुक्यातल्या मलठणला पवारांचा वाडा आहे, आणि या मुलखातल्या आणखी काही गावांत त्यांच्या शाखा पसरल्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळवा जिंकणाऱ्यांत हे लोक होते; १७६१ साली पानिपतावर धारचे यशवंतराव पवार पडले. एवढा इतिहास कोणत्याही घराण्याला पुरावा.

पण तो पुरत नाही, कारण धार ही भोजाची राजधानी. पवार म्हणजे परमार. परमारांचे राज्य धारेला. आणि पवार पुन्हा धारेलाच गेले! सर जॉन माल्कम याने १८२३ च्या आपल्या माळव्यावरील ग्रंथात या योगायोगाचे नवल केले, की मराठ्यांच्या विजयामुळे सातशे वर्षांपूर्वी हाकलल्या गेलेल्या कुळाला आपली गादी परत मिळाली. तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक घराणे-इतिहासात या ना त्या रूपात डोकावते. कॅप्टन लुअर्ड आणि धारचे काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०८ साली परमारांवर जे पुस्तक लिहिले ते शिलालेख-ताम्रपटांच्या आधाराने लिहिलेले चांगले काम आहे, पण त्यामुळेही भोज आणि साबूसिंग यांच्यामधल्या पायऱ्या मिळत नाहीत. १३०५ साली माळवा खल्जींच्या हाती गेला. साबूसिंग सतराव्या शतकातला. मधे साडेतीनशे वर्षांचे भगदाड आहे.

परमारांचा दक्षिणेशी संबंध होता, हे मी नाकारीत नाही. उदयादित्याचा मुलगा जगद्देव कल्याणीच्या विक्रमादित्य चालुक्याच्या पदरी होता, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या १११२ सालच्या लेखात त्याचे नाव येते. वकील म्हणेल, पवारांच्या घरात उदाजी आणि जगदेव ही नावे सख्ख्या भावांना ठेवलेली आहेत, हा काय योगायोग? योगायोग नसेलही. जगदेव परमाराच्या दानशूरपणाच्या गोष्टी गुजरात-राजस्थानापर्यंत भाट गात होते. घराण्यात ती नावे ठेवली गेली तेव्हा घराण्याला ती गोष्ट ठाऊक होती, इतके त्यावरून फार तर सिद्ध होते. रक्त नावातून वाहत नाही. तसे असते तर गावोगावचे राम आणि कृष्ण सूर्यवंश-चंद्रवंशाचे वारस ठरले असते.

आणि आता या प्रकरणातली खरी गंमत. ज्या परमारांच्या दारात आपण वंशावळ मागायला जातो, ते स्वतः कोठे गेले होते? परमारांचा सर्वांत जुना ज्ञात ताम्रपट म्हणजे गुजरातेतील हर्सोल येथील इ. स. ९४९ चा सीयकाचा. त्यात प्रारंभी अकालवर्षाचे, म्हणजे मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजाचे नाव येते आणि त्याच्या कुळात परमारांचा पूर्वज झाला असे म्हटले आहे. डी. सी. गांगुली यांनी यावरून परमार हे मूळचे दक्षिणेतील राष्ट्रकूटच असे प्रतिपादन केले. इतरांनी ताम्रपटाचा मजकूर मधेच तुटला असावा वगैरे शंका घेतल्या. अबूच्या पहाडावर वसिष्ठाच्या अग्निकुंडातून परमार निघाला ही सुप्रसिद्ध कथा आढळते ती नंतर, सुमारे १००५ च्या पद्मगुप्ताच्या 'नवसाहसांकचरिता'त. पद्मगुप्त हा भोजाचा बाप सिंधुराज याचा राजकवी. क्रम लक्षात घ्यावा. राष्ट्रकूटांचे मांडलिक होते तोवर परमारांनी राष्ट्रकूटांचे कूळ सांगितले; मांडलिकी संपून सार्वभौम झाल्यावर अग्नी सापडला. म्हणजे सुप्याचे पवार प्रतिष्ठेसाठी माळव्याकडे पाहत होते, आणि माळव्याचे परमार एके काळी त्याच प्रतिष्ठेसाठी दक्षिणेकडे.

भोसल्यांच्या वंशाचा वाद वाचकांना परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात. सिसोदिया वंशावळ १६७४ च्या राज्याभिषेकासाठी गागाभट्टांच्या सोयीने तयार झाली, असे एक पक्ष मोठ्या आवेशाने म्हणतो. पण शहाजीराजांच्या पदरच्या जयराम पिंड्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त सिसोदिया कुळाचा उल्लेख आहे आणि ते काव्य राज्याभिषेकापूर्वीचे. दुसऱ्या पक्षाने हर्षभरित होण्याचे कारण नाही: दावा जुना असला म्हणून खरा होत नाही. मुधोळच्या घोरपड्यांकडची बहामनी फर्माने पुढे आली, तर त्यांच्या अस्सलपणाबद्दल जाणत्यांनी शंका घेतल्या. रा. चिं. ढेरे यांनी २००१ च्या 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' या ग्रंथात भोसल्यांचा संबंध होयसळांशी जोडला. ढेऱ्यांच्या व्यासंगापुढे आपण नम्र व्हावे; तरीही होयसळ-भोसळ ही ध्वनीची वाट आणि बळियप्पाची वाट या दोन्ही अनुमानाच्या वाटा आहेत. मला येथे एवढेच विचारायचे आहे: यांपैकी कोणती वंशावळ अशा माणसापुढे मांडली गेली होती, की जिला ती खोटी ठरवण्यात फायदा होता? राजकवीला नव्हता. दरबारी पंडिताला नव्हता. फर्मान जपणाऱ्या संस्थानिकाला तर नव्हताच.

आता ज्या वंशावळीला प्रतिपक्ष होता ती पाहू. पाटीलकीचा तंटा निघाला की दोन्ही बाजू आपापला 'करीना' देत: आमचा मूळ आजा अमुक, त्याला मुलगे इतके, वडीलपण यांचे, अमुक दुष्काळात गाव ओस पडला, अमुक परागंदा झाला, अमुकाने शेत बळकावले. करीना गोतसभेपुढे वाचला जाई. गोतसभेत गावचे बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील, देशमुख-देशपांडे बसत. महजरावर पाटलाची निशाणी नांगर, सुताराची किंकरे. समोर बसलेल्या चुलतभावाला त्या वंशावळीतला प्रत्येक सांधा ठाऊक असे, आणि एक सांधा निखळला तर निम्मी पाटीलकी त्याच्या पदरात पडणार असे. तो काय गप्प बसेल? खोटे करीने होत नव्हते असे नाही. खोटे महजर पकडले गेले आणि फाडले गेले. पण ते पकडले गेले, हीच तर गोष्ट आहे. उदयपूरची वंशावळ कोणी फाडली?

पुढे इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसवले आणि इनामदाराला विचारले, सनद दाखव आणि सनद घेणाऱ्यापासून तुझ्यापर्यंतच्या पिढ्या दाखव. कमिशनचा हेतू इनामे खालसा करण्याचा होता. तो अन्यायी होता. पण त्याच्या धाकाने जी वंशवृक्षांची चळत तयार झाली ती आजही पुण्याच्या दप्तरखान्यात पडून आहे. त्या झाडांच्या बुंध्याशी सूर्य नाही, चंद्र नाही. 'मूळ सनदी' एवढेच शब्द आणि खाली नावे: हा निपुत्रिक, याला दत्तक, हा वेगळा राहतो. दक्षिण महाराष्ट्रातल्या हेळव्यांच्या वह्या, त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांची बाडे यांचेही थोडेफार असेच. यजमान गावाचे नाव सांगतो, बापाचे सांगतो, बरोबर आलेल्या भावांचे सांगतो. भोजाचे सांगत नाही, कारण उपाध्यायाने ते विचारलेले नसते.

हे आपल्याकडचेच वैगुण्य आहे असे मात्र समजू नये. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्या लोकांच्या देशातले सरदार-उमराव आपल्याला प्राचीन सार्मेशियन योद्ध्यांचे वंशज म्हणवीत. त्यांच्या मुलखातला शेतकरी मात्र त्या वंशाचा नव्हे! आडनावे पाहावीत तर आपल्यासारखीच: पोतोक गावचे ते पोतोत्स्की, जामोश्चचे ते जामोयस्की. आपल्या 'कर'चे काम तेथे 'स्की' करतो. एकाच कुलचिन्हाखाली रक्ताचा काही संबंध नसलेली शेकडो घराणी, हेही देवकासारखेच. सोळाव्या शतकात बार्तोश पाप्रोत्स्की याने या घराण्यांचे गुणगान करणारा जाडजूड ग्रंथ छापला. पण त्याच समाजात वालेरियान नेकांदा त्रेप्का नावाचा एक खवट जमीनदार निघाला. त्याने आयुष्यभर हिंडून, कान टवकारून, खोट्या उमरावांची यादी केली: हा मूळचा चांभाराचा, याच्या बापाने आडनावाला 'स्की' जोडला, हा अमुक जत्रेत उघडा पडला. सुमारे अडीच हजार नोंदी. तो १६४० साली वारला आणि हस्तलिखित १९६३ पर्यंत छापले गेले नाही. त्रेप्का द्वेष्टा होता, त्याचे सगळे खरे मानता येत नाही. तरी पोलंडच्या समाजेतिहासकारांना त्याच्या वहीत जे मिळते ते पाप्रोत्स्कीच्या ग्रंथात मिळत नाही. शिवाय तेथे कोणाच्या उमरावपणाला कोर्टात आव्हान देता येत असे, आणि मग बापाच्या व आईच्या कुळातले साक्षीदार उभे करावे लागत. आईच्याही!

आईच्या उल्लेखावरून आपल्या झाडांतल्या बायका आठवल्या. घराणे-इतिहासांतली झाडे म्हणजे पुरुषांपासून पुरुष जन्मल्याची चमत्कारिक नोंद. धारचेच पाहा. १८०७ साली आनंदराव (दुसरे) वारले तेव्हा संस्थान शिंदे-होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या तडाख्यात सापडले होते. ते टिकवले मैनाबाईंनी. त्यांचा मुलगा रामचंद्रराव लहानपणीच गेला. मैनाबाईंनी आपल्या बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन त्याचेही नाव रामचंद्रराव ठेवले आणि गादी चालवली. म्हणजे धारच्या गादीवरचा त्यानंतरचा पुरुष रक्ताने पवार नव्हे, मैनाबाईंच्या माहेरचा. धर्मशास्त्राने तो पवारच, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण रक्ताने भोजापर्यंत जाण्याची ज्यांना हौस आहे त्यांच्या वाटेत ही बाई उभी आहे. बहुतेक पुस्तके तिच्या शौर्याला एक परिच्छेद देतात आणि झाडात मात्र रामचंद्ररावाखाली रामचंद्रराव अशी सरळ रेघ ओढतात.

बाईला झाडात जागा मिळाली ती कोणा इतिहासकारामुळे नव्हे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. सणसवाडी-शिक्रापूरच्या पट्ट्यात कारखाने आले, जमिनीला भाव आला, आणि वारसनोंदीच्या अर्जाला जोडायची वंशावळ एकाएकी भरगच्च झाली. सासरी गेलेल्या आत्या, मयत बहिणीची मुले, दुसरेपणाची बायको, सगळी नावे आली. एक वगळले तर फेरफाराला हरकत येते आणि खरेदीखत अडते. तलाठ्याच्या कपाटातला तो साधा कागद, मागे प्रतिज्ञापत्र, खाली अंगठे, वंशेतिहासाचे साधन म्हणून मला संस्थानी छापखान्यातल्या सोनेरी झाडापेक्षा मोलाचा वाटतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. क्षत्रियत्वाचा पुरावा मराठ्यांनी हौसेने गोळा केला नाही. तो त्यांच्याकडे मागितला गेला. १६७४ ला मागितला गेला, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या काळी मागितला गेला, आणि १८९९ नंतर कोल्हापुरात शाहू महाराजांना वेदोक्त नाकारले तेव्हा पुन्हा मागितला गेला. राजाच्या घरी कोणते मंत्र म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांनी आपल्याकडे ठेवला, त्यांना वंशावळीच्या लबाडीबद्दल हसण्याचा अधिकार उरत नाही. हे मी पूर्ण मान्य करतो. पण तो पुरावा मागणारे कोर्ट आता उठले आहे. आज एखाद्या मलठणकर किंवा सुपेकर पवाराकडे वेदोक्तासाठी कोणी भोजाची सनद मागत नाही. मग ती देत राहण्याचे प्रयोजन काय?

आज जो पुरावा मागितला जातो तो नेमका उलट्या दिशेचा आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने जुन्या सरकारी दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या. काम मराठवाड्यापासून सुरू झाले आणि राज्यभर पसरले. शाळेचे जुने पट, जन्म-मृत्यूची गाव नमुना पुस्तके, मोडी लिपीतले महसुली कागद बाहेर निघाले. मोडी वाचणाऱ्यांना पुष्कळ वर्षांनी कोणीतरी विचारले. ज्या दिवाणखान्यात छप्पन्न पिढ्यांची तसबीर टांगलेली आहे, त्याच दिवाणखान्यात आता पणजोबांच्या नावापुढच्या 'कुणबी' या शब्दाची, कधी नुसत्या 'कु.' या अक्षराची, साक्षांकित प्रत शोधली जाते. काही लोकांना यात विसंगतीचे हसू येते. मला येत नाही. आरक्षण कोणाला असावे हा वाद येथे नको. तो मोठा आहे आणि त्याचे निकष वेगळे आहेत. पण कागद म्हणून पाहिले तर दुसरा कागद पहिल्यापेक्षा सरस आहे. त्यावर आक्षेप घेणारे लोक आहेत, पडताळणी समिती आहे, दक्षता पथक गावात येऊन चौकशी करते, शाई आणि अक्षर तपासले जाते. त्या पणजोबाचे नाव, गाव, धंदा आणि बापाचे नाव त्यात आहे. तसबिरीतल्या छप्पन्न पुरुषांपैकी एकाचाही धंदा लिहिलेला नाही.

पवारांचा इतिहास पुन्हा कोणी लिहिणार असेल तर त्याला माझी सूचना एवढीच. सुरुवात सुप्याला करावी. मलठणच्या आणि शेजारच्या गावांच्या शाखांचे आपसातले तंटे, देवासच्या एका गावात नांदलेल्या दोन राज्यांच्या हद्दींची भांडणे (ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीत कारभारी म्हणून राहून गेला, त्याने पाहिलेले देवास १९५३ च्या पुस्तकात आहे), वाटणीपत्रे आणि दत्तकपत्रे परिशिष्टात न ढकलता मुख्य मजकुरात घ्यावीत. झाडात मैनाबाईंचे नाव घालावे आणि दत्तकाची रेघ तुटक काढावी. १३०५ पासून साबूसिंगापर्यंतची जागा कोरी सोडावी. त्या जागेत टाकण्यासाठी घोड्यावरच्या रजपुताचे चित्र छापखान्याकडे तयार असते, हे मला ठाऊक आहे. ते टाकू नये.